जादूच्या शाळेचा हिशेब

जादूची विद्या शिकवणाऱ्या शाळा, तिथली चुरस, तिथले गुरू आणि तिथली पोरं यांच्यावर किशोरांसाठी कादंबरी लिहिणाऱ्या वाचकांचे प्रश्न या महिन्याच्या ‘लेखनशंका’मध्ये घेतले आहेत. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे, कारण पुढच्या निम्म्या अडचणी तिथूनच फुटतात.

माझा नायक पंधरा वर्षांचा आहे. मंत्र म्हणून त्याला आग पेटवता येते, वस्तू हलवता येतात, जखमा भरता येतात. सहा प्रकरणं झाली आणि आता त्याला अडचणीत टाकायला काही उरलंच नाही. प्रत्येक संकटावर त्याच्याकडे मंत्र तयार! काय करू?
— नांदेडहून एक वाचक, वय १७

नुसते मंत्र कमी करू नकोस, त्यांची किंमत ठरव. ‘मंत्र म्हटला की फार थकवा येतो’ एवढ्यावर मात्र भागत नाही. असा थकवा लेखकाच्या सोयीने येतो आणि सोयीने जातो. दोन प्रकरणांत वाचकाला ते कळतं, आणि मग त्याला नायकाची काळजी वाटेनाशी होते. किंमत मोजता आली पाहिजे.

आगीचा मंत्रच घेऊ. समज, तुझ्या शाळेतला नियम असा आहे: उष्णता निर्माण करता येत नाही, ती फक्त हलवता येते, आणि मंत्र म्हणणाऱ्याच्या अंगातूनच ती जाते. आता गणित कर. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७५ किलोकॅलरी लागतात. ६० किलो वजनाच्या माणसाचं अंग एका अंशाने गार व्हायला साधारण ५० किलोकॅलरी जाव्या लागतात. म्हणजे लिटरभर पाणी उकळलं की अंग ३७ वरून साडेपस्तीसवर येणार. कपभर चहाचं, दीडशे मिलिलिटर पाणी उकळलं तर पाव अंशही उतरणार नाही; शहारा येईल, तेवढंच. दोन लिटर उकळलं तर मात्र ३४. पस्तिसाच्या खाली माणसाच्या जिवाला धोका सुरू होतो.

अंग गार पडत जातं तेव्हा माणसाचं खरोखर काय होतं, ते नीट वाचून घे. आधी हुडहुडी भरते. मग बोटं वळेनाशी होतात. मग जीभ जड होते, शब्द अडखळतात आणि विचार गढूळ होतो. जिथे सगळी विद्या उच्चारावर उभी आहे, तिथे तिसरा मंत्र पहिल्याहून वाईट म्हटला जाणार, आणि नेमका तेव्हाच आपण बरे आहोत असं त्या पोराला वाटत असणार. संकट बाहेरून आणायची गरजच उरत नाही.

चुरसही याच गणितातून निघते. ४५ किलो वजनाच्या मुलीला तेच लिटरभर पाणी दीड नाही, दोन अंशांना पडतं. म्हणजे वर्गातला आडदांड मुलगा चुका करूनही तगतो, आणि तिला मात्र पहिल्याच खेपेला अचूक म्हणावं लागतं. वीस ग्रॅमच्या गुळाच्या खड्यात तेवढ्याच, पंचाहत्तरच्या आसपास किलोकॅलरी असतात. पण गूळ पचून अंगात ऊब यायला वेळ लागतो. म्हणून या शाळेत प्रत्येकाच्या खिशात गूळ असेल, कोठीची किल्ली ज्याच्याकडे त्याच्याशी सगळे गोड बोलतील, आणि मोठ्या परीक्षेच्या आदल्या रात्री गूळ चोरीला जाईल. घोंगडी, गरम पेज, शेकोटीजवळची जागा या सगळ्यांना मोल येईल. शाळा अशी उभी राहते.

जखमा भरण्याचा मंत्र काढूनच टाक, असं आमचं स्पष्ट मत आहे. जखम भरून येणार हे ठाऊक असेल तर तलवारीला धार राहत नाही.

मंत्रांसाठी एक वही घाल, त्यात तीन रकाने आख: मंत्र, किंमत, चुकला तर काय. पहिल्या कादंबरीत चारापेक्षा जास्त मंत्र नकोत. आणि शेवटचा पेच ज्या नियमाने सुटणार आहे, तो नियम वाचकाला पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच, अगदी क्षुल्लक कामासाठी वापरलेला दिसू दे. चहाच्या पाण्यासाठी दिसला तरी चालेल. शेवटच्या दहा पानांत प्रथमच कळणारा नियम वाचकाला फसवणूक वाटतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

माझ्या शाळेत ६४ विद्यार्थी आहेत आणि वर्षभर प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत चालते. कोण कुठे आहे याचा मलाच पत्ता लागत नाही. स्पर्धा कशी बांधावी?
— इचलकरंजीचे एक शिक्षक

प्रत्येकाची प्रत्येकाशी म्हणजे ६४ गुणिले ६३ भागिले २, एकूण २,०१६ लढती. रोज दहा लावल्या तरी दोनशे दिवसांच्या वर जातात. बाद पद्धत लावली तर ६३ लढतींत, सहा फेऱ्यांत काम होतं. पण पहिल्याच दिवशी निम्मी शाळा बाहेर पडते आणि तुमची दुय्यम पात्रं कथेतून उठून जातात.

मुलं बत्तीस करा. चौघांचा एक गट, असे आठ गट. आठ गटांच्या साखळीत २८ लढती होतात आणि प्रत्येक गट सात वेळा मैदानात उतरतो. त्यांतल्या चार लढती सविस्तर लिहा, सहा-सात एकेका वाक्यात उरका, बाकीच्या फळ्यावरच्या गुणांतून दाखवा. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक.

शेवटच्या फेरीआधी गुण असे ठेवून बघा: आघाडीच्या गटाचे १०, तुमच्या नायिकेच्या गटाचे ९, आणखी एका गटाचे ९. शेवटच्या दिवशी नायिकेचा गट आघाडीच्या गटाशी भिडतो आणि तिसऱ्या गटाला सोपा प्रतिस्पर्धी आहे. नायिकेचा गट जिंकला तर त्याचे ११, आघाडीवाले १० वरच. पण तिसरा गटही जिंकला तर त्याचेही ११! मग निकाल लागतो तो या दोघांच्या आपसातल्या जुन्या लढतीवर. आठव्या प्रकरणात, दुपारच्या आळसात, ‘एक हरलो तर काय बिघडलं’ म्हणत घालवलेली ती लढत. सगळ्या २८ लढतींचा तक्ता कागदावर पूर्ण मांडा आणि बेरीज तपासा: सहा फेऱ्यांत २४ लढती, म्हणजे आठही गटांचे मिळून बरोबर ४८ गुण भरले पाहिजेत. या वयाचे वाचक बेरीज करून बघतात.

शेवटच्या फेरीला दुप्पट-तिप्पट गुण देण्याचा मोह टाळा. तसं केलं की आधीच्या सगळ्या लढती वाया जातात, आणि त्या वाचलेला वाचकही.

वेळ मोजायला घटिकापात्र वापरा. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटिका झाली. घटिका म्हणजे २४ मिनिटं, म्हणजेच साठ पळं; एक पळ २४ सेकंदांचं. छिद्रात मेणाचा कण अडकवला तर घटिका लांबते. लबाडी कशी करायची हे त्या वाटीतच आहे, ती कोण करेल ते तुम्ही ठरवा.

प्रवेशाची चुरस हवी असेल तर ती आपल्याकडे आयती आहे. सातव्या शतकात नालंदात राहिलेल्या चिनी प्रवासी ह्युएन त्संगने लिहून ठेवलं आहे की तिथे दारावरच प्रश्न विचारले जात आणि बाहेरून आलेल्या दहांपैकी सात-आठजण तिथूनच परत फिरत. आणि परीक्षेचा सर्वांत सुंदर नमुना तक्षशिलेचा. सात वर्षं वैद्यक शिकलेल्या जीवकाला गुरूने सांगितलं: तक्षशिलेभोवती योजनभर फिर आणि जी औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. तो रिकाम्या हाताने परतला, आणि उत्तीर्ण झाला. तुमच्या शाळेतली एक तरी परीक्षा अशी असू द्या, जिचं उत्तर ताकदीने मिळत नाही.

शाळेसाठी एक जादूचा खेळ रचते आहे. मुलं उडतात, चेंडू पेटतात, सगळं आहे, पण वाचताना चुरस वाटत नाही.
— साताऱ्याहून एक वाचक, वय १६

खेळात काय करता येतं याची यादी तू केलीस. काय करता येत नाही, ती यादी आधी कर.

खो-खो बघ. पाठलाग करणारे नऊ. त्यांतले आठ एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसलेले, एक धावणारा. धावणाऱ्याला दोन खांबांमधली मधली पट्टी ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांब येईपर्यंत वळता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही मोकळीक. या दोन बंधनांमुळेच ‘खो’ द्यावा लागतो, आणि खो कधी द्यायचा यातच सगळी बुद्धी आहे. ही दोन बंधनं काढ, उरते नुसती पकडापकडी.

कबड्डी तर मंत्राचाच खेळ आहे. शत्रूच्या अंगणात शिरायचं, एकच शब्द न थांबता म्हणत राहायचं, दम तुटला की संपलं. चढाईला तीस सेकंद. यात जादू घालायला कितीशी जागा बदलावी लागेल?

म्हणून तुझ्या खेळाला नेमकी दोन बंधनं दे आणि एकच जादू दे. मग घरच्या अंगणात आठ जणांना उभं करून तो खेळून बघ, जादूच्या जागी हातरुमाल वापर. पाच मिनिटांत कुणीतरी पळवाट शोधून काढेल. ती पळवाट बुजवू नकोस, पुस्तकातल्या एखाद्या पात्राला दे.

सरावाचे प्रसंग कंटाळवाणे होतात. ‘त्याने महिनाभर कसून सराव केला’ असं लिहून पुढे गेलं तर चालेल का?
— डोंबिवलीहून एक वाचक

चालेल, पण मग शाळा कशाला घेतली? सरावाच्या प्रसंगात एक चूक, तिचं एक कारण आणि एक दुरुस्ती एवढं असलं की तो वाचला जातो. महिन्याभराचा सराव अशा तीन प्रसंगांत बसतो.

पद्धत हवी असेल तर वेदपठणाची घ्या. लिहून न ठेवता मजकूर अक्षरशः बिनचूक राहावा म्हणून बसवलेली ती शिस्त आहे. आधी पदपाठ, म्हणजे एकेक शब्द सुटा. मग क्रमपाठ: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा. मग जटापाठ: पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा, आणि असंच पुढच्या जोडीला. शेवटी घनपाठ: १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३. उलटसुलट म्हणताना अर्थाचा आधार सुटतो, म्हणून एखादं अक्षर निसटलं तर ते लगेच उघडं पडतं. म्हणजे ही पद्धत म्हणता म्हणताच चूक पकडते.

हे तुमच्या शाळेत आणा. चार शब्दांचा मंत्र घ्या. पहिल्या महिन्यात पोरं तो सुटा-सुटा म्हणतात आणि कंटाळतात. जटेच्या टप्प्यावर कळतं की उलट्या क्रमाने म्हटलेला मंत्रही काहीतरी करतो, पण भलतंच. म्हणून तो टप्पा पाण्याच्या हौदाशेजारी घेतात. घनापर्यंत बत्तिसातले सहाच पोचतात. आता ‘कसून सराव केला’ लिहायची गरज पडत नाही, कोण कुठल्या टप्प्यावर अडकलं आहे एवढं सांगितलं की पुरतं.

माझे मंत्र एकतर लॅटिनसारखे होतात नाहीतर अवघड संस्कृत. मराठीत मंत्र लिहिले की विनोदी वाटतात. उपाय?
— पणजीहून एक वाचक

मराठीत अर्थ लगेच कळतो, म्हणून मंत्राचं गूढ जातं. ते गूढ परत आणायला अगम्य शब्द लागत नाहीत. अचूकपणाची भीती पुरते.

‘वेल वाढव’ हा बागेतल्या वर्गाचा मंत्र समजा. एका मुलाची जीभ ल आणि ळ यांत घोटाळा करते. तो म्हणतो, ‘वेळ वाढव’. तास संपतच नाही! माल-माळ, गाल-गाळ, कल-कळ, अशा जोड्यांची यादी करा, निम्म्या दुर्घटना तिथेच मिळतील.

त्याहून भारी गोष्ट लिपीत लपली आहे. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना फरक दिसत नाही. ‘जरा ये’ हे दोन शब्द बघा. रोजच्या बोलण्यातला ‘जरा’ म्हटला तर ‘थोडा इकडे ये’. संस्कृतातून आलेला ‘जरा’, जगन्नाथातला ज लावून, म्हटला तर ‘म्हातारपणा, ये’. कागदावर दोन्ही सारखेच. म्हणजे चोरलेल्या पोथीतून शिकलेला मुलगा आणि गुरूच्या तोंडून ऐकलेली मुलगी यांच्यात फरक का पडतो, याचं कारण तुम्हाला भाषेनेच दिलं. शाळा हवीच कशाला, पुस्तकं वाचून जादू का येत नाही, या शंकेला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

एका संधीच्या चुकीवर आपल्याकडे एक अख्खी कथा उभी आहे, आणि ती पैठणची आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात ती येते. सातवाहन राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. एक राणी म्हणाली, ‘मोदकैः’. तिला म्हणायचं होतं ‘मा उदकैः’, पाणी उडवू नका. राजाने मोदक मागवले. राणी हसली, राजा खजील झाला, संस्कृत शिकायचं म्हणून हट्टाला पेटला. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज लावली की हे जमलं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडेन. तो हरला, आणि मग त्याने पैशाची नावाच्या भाषेत बृहत्कथा लिहिली. दोन गुरूंची चुरस, मुदत, पैज आणि हरण्याची किंमत म्हणून भाषाच गमावणं! स्पर्धेच्या कादंबरीला याहून सशक्त सांगाडा शोधून सापडणार नाही.

मंत्राची लांबी चार ते आठ अक्षरं ठेवा. अनुष्टुभाचा एक चरण आठ अक्षरांचा असतो, तेवढं एका दमात स्वच्छ म्हणता येतं. आणि वसतिगृहातल्या पोरांना मंत्रांची अधिकृत नावं वापरू देऊ नका. ‘उष्णतासंक्रमण’ गुरुजी म्हणतील, पोरं त्याला ‘चहा’ म्हणतील. ‘आज चहाची परीक्षा आहे’ या एका वाक्याने शाळा खरी वाटायला लागते.

गुरू विद्यार्थ्यांपेक्षा वयाने लहान दाखवायची आहे, तेरा वर्षांची. मराठीत ते खोटं वाटेल का? तिला हाक काय मारायची?
— बेळगावहून एक वाचक

खोटं अजिबात वाटणार नाही. चांगदेवांची गुरू मुक्ताबाई, हे मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक आहे. आणि हाकेची अडचणही त्याच कथेत आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहिताना मायना काय घालावा हे चांगदेवांना ठरवता येईना. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावं, तर ज्ञानाने मोठे. तीर्थरूप लिहावं, तर वयाने लहान. शेवटी पत्र कोरंच गेलं. त्या कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या.

ही अडचण सोडवू नका, वापरा. एक मुलगा तिला ‘बाई’ म्हणेल, दुसरा नाव घेईल, तिसरा क्रियापद असं फिरवेल की हाक मारावीच लागणार नाही: ‘हे कसं करायचं?’ कोण कधी ‘तू’वरून ‘तुम्ही’वर येतो, त्यावरून तिचा अधिकार वाचकाला कळत जाईल.

माझी शाळा बर्फाळ डोंगरातल्या किल्ल्यात आहे. मित्र म्हणतात, सह्याद्रीतला गड घे. फरक काय पडतो?
— पुण्याहून एक वाचक, वय १९

बर्फ बघितलेला असेल तर बर्फ ठेव. नसेल तर गड घे, कारण गडावर काय कमी पडतं हे तुला माहीत आहे.

पाणी कमी पडतं. शाळेत विद्यार्थी, गुरू, कोठीवाले धरून दोनशे माणसं समज. पिणं, स्वयंपाक आणि बेताचं धुणं-आंघोळ याला माणशी वीस लिटर धरले तर रोज चार हजार लिटर. पाऊस संपल्यापासून पुढच्या पावसापर्यंत आठ महिने, २४० दिवस. म्हणजे ९ लाख ६० हजार लिटर. त्यासाठी वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, चार मीटर खोल टाकं काठोकाठ भरलेलं हवं, आणि उन्हाने जे उडून जाईल ते वेगळंच. म्हणून कातळात आत खोदत नेलेली, खांबांवर छत तोललेली खांबटाकी महत्त्वाची. सावलीतलं पाणी टिकतं. धान्य माणशी अर्धा किलो धरलं तरी रोज एक क्विंटल, आणि ते पाठीवरून नाहीतर जनावरावरून वर चढवायचं.

आता जादू घाल. पहिल्या उत्तरातला नियम पाण्यालाही लाव: पाणी निर्माण होत नाही, हलतं. मग चैत्रात गडावरचं टाकं मंत्राने भरलं की पायथ्याच्या गावातली विहीर तेवढीच उतरते. वरच्या शाळेतल्या पोरांना ते आधी माहीत नसतं. त्यांच्यातलीच एक मुलगी त्या गावची असते. यापुढे तुला दुष्ट राक्षसाची गरज लागेल असं वाटत नाही.

माझे आजोबा अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतात. मी जादूवर कादंबरी लिहिते हे त्यांना सांगायची भीती वाटते. त्यांच्या कामाच्या विरोधात जाते का मी?
— लातूरहून एक विद्यार्थिनी

नाही. आणि लिहिलेलं पहिलं वाचायला त्यांनाच दे, त्यांच्याइतका तयारीचा वाचक तुला मिळणार नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. तो प्रत्यक्ष कृत्यांविरुद्ध आहे: भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या बतावणीने फसवणूक, साप-विंचू चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्र-दोरे करणं, कुणी करणी केली असं सांगून त्या व्यक्तीचं जगणं अवघड करणं. कल्पित शाळेची कल्पित गोष्ट यात बसत नाही.

पण या यादीतून लेखिकेने तीन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. खऱ्या आजारावर किंवा सर्पदंशावर मंत्राने उतार पडलेला दाखवू नकोस. करणी, भानामती, चेटकीण हे शब्द सजावटीला वापरू नकोस. या शब्दांपायी खऱ्या बायकांनी मार खाल्ला आहे. आणि तुझ्या जगातली विद्या तपासता येईल अशी ठेव: तोच मंत्र, तीच किंमत, दर वेळी तोच परिणाम. भोंदूचं नेमकं तिथेच फाटतं, तो तपासू देत नाही.

शाळेत एक भोंदू विद्यार्थीही आण. तो ओल्या हळदीच्या हातावर बोट फिरवतो आणि रक्त उमटतं. बोटाला चुना लावलेला असतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कोठीत काम करणारी मुलगी ते एका नजरेत ओळखते, कारण तिच्या हाताला रोज हळद लागते.

कादंबरी किती लांब असावी? पहिल्या प्रकरणात किती पात्रं आणावीत?
— अमरावतीहून एक वाचक

बारा ते सोळा वयाच्या वाचकासाठी पन्नास-साठ हजार शब्द पुरे. दोन-दोन हजारांची पंचवीस ते तीस प्रकरणं करा. एक शैक्षणिक वर्ष घ्या: आषाढात गुरुपौर्णिमेला प्रवेश, चैत्र-वैशाखात टाकं आटत असताना शेवटची फेरी.

पहिल्या प्रकरणात चारच नावं. ती नावं वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होऊ द्या. सुमेध, सुहास आणि सुनीता एका खोलीत राहिले तर वाचक तिसऱ्या पानावर मागे पलटतो. शाळेचा इतिहास, संस्थापकांची भांडणं, प्राचीन भविष्यवाणी यांतलं काहीही पहिल्या प्रकरणात नको. पोरगी गडाच्या दारात उभी आहे, पायात गोळे आले आहेत, खिशात आईने दिलेला गूळ आहे, आणि दारावरचा माणूस तिला पहिला प्रश्न विचारतो. प्रकरण तिथून सुरू करा.